फोनवरील बोलणे का तुटते? दुकानातील राउटर आणि आवाजाचा अग्रहक्क

व्यापाऱ्याच्या शब्दाला किंमत असते, आणि आज तो शब्द बहुधा फोनवरून जातो. सावदा-रावेरच्या केळीचा भाव फोनवर ठरतो, फर्निचरची मापे फोनवर सांगितली जातात, कापडाच्या गाठी फोनवर मागवल्या जातात. यात आपल्या मराठी आकड्यांची एक अडचण आहे. ‘एकोणीसशे’ आणि ‘एकोणतीसशे’ या दोन शब्दांत फरक जेमतेम एका अक्षराचा आहे. ते अक्षर वाटेत गळाले तर क्विंटलमागे एक हजार रुपयांचा घोटाळा होतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांचेही तसेच. देणारा म्हणतो मी असे बोललो, घेणारा म्हणतो मी तसे ऐकले. दोघेही खरे बोलत असतात. खोट असते ती मधल्या वाटेत.

बोलणे तुटू लागले की आपले दुकानदार बंधू बहुतेक वेळा एकच उपाय करतात: अधिक वेगाचा, अधिक पैशांचा प्लॅन घेतात. काही दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. याचे कारण असे की पुष्कळदा दोष वेगाचा नसून रांगेचा असतो, आणि ती रांग कंपनीच्या कार्यालयात नव्हे तर आपल्याच दुकानात, फळीवर ठेवलेल्या राउटरच्या तोंडाशी लागलेली असते. ती कशी ओळखावी आणि तिला शिस्त कशी लावावी, हे या लेखात पाहू. यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. हिशेबाची वही नीट ठेवणाऱ्या माणसाला हे सहज जमेल.

जुनी लाइन आणि नवी लाइन

आपल्या देशात पहिली एसटीडी सेवा १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये सुरू झाली. पुढे गावोगावी एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी आली. त्या काळच्या फोनचा एक गुण होता. नंबर लागला की तुमच्या आणि समोरच्या माणसाच्या दरम्यान एक वाट पूर्णपणे राखून ठेवली जाई. तुम्ही बोला अथवा गप्प बसा, त्या वाटेवर दुसरा कोणी शिरत नसे. लाइन मिळायला वेळ लागे, पैसे अधिक लागत. पण एकदा मिळालेली वाट तुमचीच असे.

इंटरनेटवरून होणाऱ्या बोलण्याचे तसे नाही. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर व्हॉइस कॉल आला आणि ही सोय प्रत्येकाच्या खिशात पोहोचली. या पद्धतीत आवाजाचे बारीक तुकडे केले जातात. सर्वसाधारणपणे एका सेकंदाच्या बोलण्याचे पन्नास तुकडे होतात, म्हणजे प्रत्येक तुकडा एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा, २० मिलिसेकंदांचा. प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहून तो पाकिटासारखा रवाना केला जातो आणि समोरच्या बाजूला पाकिटे क्रमाने जोडून पुन्हा आवाज तयार होतो. या पाकिटांना वाटेवर राखीव जागा नसते. त्यांच्याच वाटेने मुलाने पाठवलेला व्हिडिओ जातो, सीसीटीव्हीचे चित्रण जाते, संगणकाची अपडेट येते आणि मोबाइलमधील फोटोंचा साठा चढत असतो. सर्वांची वाट एकच.

आवाज तीन प्रकारे बिघडतो

पहिला बिघाड उशिराचा. आवाज स्वच्छ येतो, पण थांबून थांबून येतो. आपण बोलून थांबतो, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा बोलतो, आणि तेवढ्यात समोरच्याचे उत्तर येऊन दोघांची गाठ पडते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर बोलणाऱ्यांना सहसा अडचण जाणवत नाही. ४०० च्या पुढे गेला तर संभाषण नीट होत नाही.

दुसरा बिघाड अनियमितपणाचा. तंत्रज्ञ याला ‘जिटर’ म्हणतात. एक पाकीट ३० मिलिसेकंदांत पोहोचले, पुढचे १२० मध्ये, त्यापुढचे ४० मध्ये. घेणारा फोन थोडी पाकिटे साठवून हा चढउतार सावरून घेतो. चढउतार फार झाला की उशिरा आलेले पाकीट कामाचे राहत नाही आणि फेकले जाते. अशा वेळी आवाज चिरका, यंत्रासारखा ऐकू येतो.

तिसरा बिघाड हरवण्याचा. पाकीट पोहोचतच नाही. पत्र हरवले तर दुसरे लिहिता येते; फाइलचा तुकडा हरवला तर संगणक तो पुन्हा मागवतो. चालू बोलण्यात मात्र मागे वळता येत नाही. गेले ते अक्षर गेले. ‘एकोणतीस’मधला ‘ती’ असाच गळतो.

वरणगाव स्टेशनचे उदाहरण

अग्रहक्क म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला रेल्वेवरून चटकन कळेल. भुसावळहून नागपूरकडे जाताना वरणगाव स्टेशन लागते. अशा लहान स्टेशनात मालगाडीला बाजूच्या लूप लाइनवर उभे केले जाते, मागून एक्स्प्रेस धडधडत निघून जाते आणि मग मालगाडीला सिग्नल मिळतो. मालगाडीचे त्यात काही बिघडत नाही. कोळसा पाऊण तास उशिरा पोहोचला तर चालतो. एक्स्प्रेसला मात्र वेळ पाळावी लागते.

आपल्या राउटरवर याच्या उलट घडत असते. तेथे बहुधा स्टेशनमास्तरच नसतो. जो आधी आला तो आधी जाईल, एवढाच नियम. मोबाइलने दोनशे फोटो वर चढवायला घेतले की त्यांची मालगाडी लागते आणि आवाजाची छोटी पाकिटे तिच्या मागे ताटकळत उभी राहतात.

याचा हिशेब पाहा. साध्या प्रकारच्या इंटरनेट फोनवर आवाजाचे एक पाकीट पत्त्यासह सुमारे २०० बाइटचे असते. फाइलचे मोठे पाकीट १५०० बाइटचे. तुमच्या लाइनचा बाहेर पाठवण्याचा वेग एक मेगाबिट असेल तर आवाजाच्या पाकिटाला बाहेर पडायला दीड मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो, फाइलच्या पाकिटाला १२ मिलिसेकंद. पुढे असे एक मोठे पाकीट असेल तर काही बिघडत नाही. शंभर असतील तर एक सेकंदाहून अधिक वेळ गेला. एका बाजूच्या बोलण्याला, पत्त्यांचा बोजा धरून, सेकंदाला सुमारे ८० किलोबिट लागतात. लाइन एक मेगाबिटची आहे. म्हणजे जागा भरपूर आहे, पण पाळी येत नाही.

रांगेला जागा जास्त ठेवली तर दोष वाढतो, हेही लक्षात घ्यावे. एखाद्या मोडेममध्ये २५६ किलोबाइटची साठवण असेल आणि बाहेर जाण्याचा वेग दोन मेगाबिट असेल, तर ती साठवण भरल्यावर शेवटी उभ्या असलेल्या पाकिटाला सुमारे एक सेकंद थांबावे लागते. अमेरिकन अभियंता जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झाले. बफर म्हणजे साठवण, ब्लोट म्हणजे फुगणे. पाकीट हरवू नये म्हणून कारखानदारांनी साठवण वाढवत नेली आणि तीच बोलण्याच्या मुळावर आली.

आधी ओळखा, कॉल कोणत्या वाटेने जातो

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी. मोबाइलवरून केलेला नेहमीचा कॉल टॉवरवरून जातो; त्याचा तुमच्या राउटरशी संबंध नाही. फोर-जी वरील व्होल्टी कॉलमध्ये तर कंपनीच आपल्या जाळ्यात आवाजाला वेगळी, अग्रहक्काची वाट देते. म्हणून एकाच टॉवरवर व्हॉट्सॲप कॉल तुटतो आणि नेहमीचा कॉल नीट चालतो, असा अनुभव येतो. टॉवरचा कॉल तुटत असेल तर राउटरची कितीही झटापट केली तरी उपयोग नाही.

राउटरमधून जातात ते कॉल तीन प्रकारचे: वायफायवर असताना केलेले व्हॉट्सॲपसारखे कॉल, दुकानात किंवा कार्यालयात बसवलेला इंटरनेट फोन, आणि वायफाय कॉलिंग. ही शेवटची सोय भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. यात नंबर नेहमीचाच राहतो, पण बोलणे वायफायवरून जाते. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात टॉवर पकडत नाही, तेथे ही सोय फार कामाची आहे. फोनच्या वरच्या पट्टीवर बहुतेक वेळा तशी खूण दिसते.

दुसरी ओळखण्याची गोष्ट दिशेची. तुम्हाला समोरच्याचे बोलणे नीट येते, पण तो ‘आवाज तुटतोय’ म्हणतो, तर शंका तुमच्या बाहेर जाणाऱ्या वाटेची घ्यावी. उलट असेल तर तुमची येणारी वाट किंवा त्याची जाणारी वाट. जुन्या तांब्याच्या तारेवरील आणि मोबाइल डोंगलवरील लाइनींत येण्याचा वेग मोठा आणि जाण्याचा वेग लहान असतो. जाहिरातीत मोठा आकडा असतो तो येण्याचा. बोलण्याला मात्र दोन्ही बाजू सारख्या लागतात. म्हणून प्लॅन घेतानाच ‘अपलोड किती?’ असे विचारावे.

तीन चाचण्या

संगणकावर ‘पिंग’ नावाची आज्ञा असते. दिलेल्या पत्त्यावर एक लहान पाकीट पाठवून ते परत यायला किती मिलिसेकंद लागले, एवढेच ती सांगते. विंडोजच्या कमांड खिडकीत पिंग, मग पत्ता आणि शेवटी डॅश व टी लिहिले की ती सतत चालू राहते. मोबाइलवरही पिंगची मोफत ॲप मिळतात. तीन चाचण्या पुढील क्रमाने घ्याव्यात आणि आकडे कागदावर लिहून ठेवावेत.

पहिली चाचणी: आपल्याच राउटरला पिंग करावे. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. जेथे बसून फोन करता तेथूनच चाचणी घ्यावी. उत्तर एक ते पाच-दहा मिलिसेकंदांत यायला हवे. ते मधूनच १०० वर, २०० वर उडी मारत असेल किंवा उत्तर गायब होत असेल, तर दोष दुकानातील वायफायचा आहे. येथे प्लॅन बदलून काडीचा फायदा होणार नाही. राउटरची जागा बदला, तो लोखंडी कपाटामागून बाहेर काढा, शक्य असेल तर संगणक आणि फोन तारेने जोडा.

दुसरी चाचणी: बाकी सर्व उपकरणे बंद करून बाहेरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, पिंग करावे. हा आकडा जाण्या-येण्याचा मिळून असतो. तो ३०, ४०, ६० असा स्थिर राहिला तर लाइन ठीक आहे. सर्व बंद असूनही तो उड्या मारत असेल किंवा पाकिटे हरवत असतील, तर दोष तारेचा, जोडाचा किंवा कंपनीचा आहे. येथे तक्रार हाच उपाय.

तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची. पिंग चालू ठेवून एक मोठी फाइल किंवा व्हिडिओ बाहेर पाठवायला लावावा. ४० चा आकडा ६०-७० झाला तर काळजी नाही. तोच ४०० किंवा ८०० झाला तर चोर सापडला. पाकिटे रांगेत अडकत आहेत, आणि नेमक्या याच रोगावर राउटरमधील अग्रहक्क हे औषध आहे.

राउटरला शिस्त कशी लावावी

राउटरच्या पत्त्यावर जाऊन पासवर्ड टाकला की त्याचे पान उघडते. त्यात ‘क्यूओएस’, ‘बँडविड्थ कंट्रोल’ किंवा ‘ट्रॅफिक प्रायॉरिटी’ अशा नावाचा भाग शोधावा. (पासवर्ड अजून कारखान्याचाच असेल तर तोही याच वेळी बदलून टाकावा.) पुढील पायऱ्या अशा:

१. आपला खरा वेग मोजा. सकाळी, दुपारी आणि रात्री असा तीनदा वेग तपासावा आणि सर्वांत कमी आलेला अपलोडचा आकडा धरावा. बिलावर छापलेला आकडा धरू नये.

२. राउटरला त्याच्या ८५ ते ९० टक्केच वेग सांगा. पाच मेगाबिट मोजला असेल तर साडेचार भरावा. पुष्कळांना ही पायरी विचित्र वाटते: पैसे भरलेला वेग आपणच का कमी करायचा? कारण रांग जेथे लागते तेथेच शिस्त लावता येते. राउटरने भरधाव पाठवले तर रांग पुढे, मोडेमच्या पोटात लागते, आणि तेथे तुमचा हुकूम चालत नाही. राउटरने किंचित हात राखला तर रांग त्याच्याच दारात लागते. मालगाडी आपल्या स्टेशनात थांबवायची, कारण येथील सिग्नल आपल्या हातात आहे. ही पायरी चुकली तर पुढच्या सर्व वाया जातात.

३. आवाजाला पहिला मान द्या. इंटरनेट फोनचे वेगळे यंत्र असेल तर त्या यंत्रालाच ‘हाय’ किंवा ‘हायेस्ट’ दर्जा द्यावा. मोबाइलवरून बोलत असाल तर धंद्याच्या त्या एका मोबाइलला द्यावा. चांगल्या फोन यंत्रांत आवाजाच्या पाकिटावर खूण करण्याची सोयही असते. इंटरनेटच्या नियमांत १९९८ साली पाकिटाच्या पत्त्यात अशा खुणेसाठी जागा ठरवली गेली. तिला ‘डीएससीपी’ म्हणतात. ० ते ६३ पैकी ४६ हा आकडा ‘हे तातडीने सोडा’ असे सांगतो आणि तो आवाजासाठी वापरण्याची रीत आहे. फोनमध्ये ४६ आणि राउटरमध्ये ४६ ला पहिला मान, अशी जोडी जमली पाहिजे.

४. वायफायवरील ‘डब्ल्यूएमएम’ हा पर्याय चालू ठेवा. तो हवेतील रांगेचे चार वर्ग करतो: आवाज, चित्र, साधे काम आणि मागे चालणारे काम. तो बंद असेल तर तारेवर शिस्त आणि हवेत गोंधळ, अशी स्थिती होते.

५. मान एकालाच द्या. मालकाचा मोबाइल पहिला, मुलाचा पहिला, टीव्ही पहिला, कॅमेरा पहिला असे केले तर पहिला कोणीच उरत नाही. सर्वच गाड्या एक्स्प्रेस ठरवल्या तर लूप लाइनवर उभे कोणाला करणार?

काही नव्या राउटरांत ‘एसक्यूएम’ म्हणजे हुशार रांग ही सोय असते. ती प्रत्येक कामाची वेगळी रांग करून सर्वांना आळीपाळीने सोडते आणि साठवण फुगू देत नाही. यामागची ‘एफक्यू-कोडेल’ ही पद्धत २०१८ साली इंटरनेटच्या नियमपत्रांत नोंदवली गेली. ही सोय मिळाली तर केवळ वेग भरून ती चालू करावी. बहुतेक काम ती स्वतः करते.

स्वस्त राउटरात यातले काहीच नसेल तरी हातावर हात ठेवून बसू नये. सीसीटीव्हीचे चित्रण इंटरनेटवर साठवत असाल तर ते दुकानातील यंत्रावर साठवा किंवा त्याचा दर्जा उतरवा. समजा एक कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट पाठवतो. चार कॅमेरे म्हणजे चार मेगाबिट. पाच मेगाबिटच्या लाइनीवर उरले काय? फोटोंचा साठा आणि संगणकाची अपडेट रात्री बारानंतर लावा. दुकानाचे वायफाय गिऱ्हाइकांना आणि शेजाऱ्यांना देत असाल तर ‘गेस्ट’ जोडणी करून तिच्या वेगाला मर्यादा घाला. हे सर्व फुकटात होते.

काम झाल्यावर तिसरी चाचणी पुन्हा घ्या. त्यानंतर ओळखीच्या माणसाला फोन लावून, मागे फाइल पाठवणे चालू ठेवून, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सात, साठ हे आकडे उलटसुलट क्रमाने सांगा आणि त्याला लिहून घ्यायला सांगा. यादी जुळली तर काम फत्ते.

अग्रहक्काने न सुटणारे दोष

एकाच बाजूचा आवाज येतो आणि दुसरी बाजू पूर्ण मुकी, असे झाले तर तो रांगेचा दोष नाही. इंटरनेट फोनच्या यंत्रांत बहुधा राउटरमधील ‘सिप एएलजी’ हा पर्याय त्याला कारण असतो. तो बंद करून पाहावा. आपलाच आवाज आपल्याला घुमून ऐकू येत असेल तर समोरच्याने स्पीकर चालू ठेवलेला असतो.

आपल्या खानदेशात उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. साधे राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात भुसावळ-वरणगावकडे बाहेरच पारा त्याच्यावर जातो. पत्र्याच्या शेडखाली त्याहून अधिक. दुपारी तीन वाजता बोलणे तुटते आणि रात्री नीट चालते, असे असेल तर राउटर छपराजवळून खाली आणून हवा खेळती राहील अशा जागी ठेवावा. ग्रिल आणि कूलर बनवणाऱ्या कारागीर बंधूंनी वेल्डिंगच्या यंत्राच्याच विजेच्या जोडणीवर राउटर लावू नये. आर्क पेटताच दाब पडतो आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मधला कॉल तुटतो. राउटर आणि फायबरचा डबा ही दोन्ही यंत्रे लहान यूपीएसवर असावीत. एकच ठेवून उपयोग नाही.

परदेशी कॉलबाबत एक सूचना. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक आणि गिऱ्हाइके आखाती देशांत आहेत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपच्या व्हॉइस कॉलवर वर्षानुवर्षे बंधन राहिले आहे. तेथे परवाना असलेली वेगळी ॲप वापरावी लागतात. तिकडचा कॉल लागत नसेल तर आपल्या राउटरला दोष देऊ नये आणि कायदा मोडणारी आडवाटही शोधू नये.

कंपनीची जबाबदारी किती?

तुमच्या राउटरने लावलेली खूण कंपनीच्या जाळ्यात आणि त्यापुढे मानली जाईलच असे नाही. साध्या इंटरनेट जोडणीवर ती बहुधा मानली जात नाही. २०१८ साली केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व मान्य केले. त्यानुसार इंटरनेट देणाऱ्या कंपनीने एखाद्या सेवेला मुद्दाम पुढे काढू नये किंवा अडवू नये. हे तत्त्व कंपनीला लागू आहे. आपल्या दुकानातील राउटरवर कोणाला आधी सोडायचे हा अधिकार पूर्णपणे आपला आहे.

भरपाईच्या आशेवरही बसू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ जानेवारी २०१६ पासून मोबाइलच्या प्रत्येक तुटलेल्या कॉलसाठी एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, असा नियम केला होता. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तक्रारीचा मार्ग मात्र खुला आहे. दुसऱ्या चाचणीत लाइन दोषी ठरली तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. ‘नेट चालत नाही’ एवढे बोलून भागत नाही. तारीख, वेळ, ‘सर्व उपकरणे बंद असताना शंभरपैकी इतकी पाकिटे हरवली’ असे लिहून दिले की तक्रारीला वजन येते.

आवाज सुधारला तरी

एवढे करूनही लक्षात ठेवावे की आपण फक्त आपल्या दाराशी असलेली रांग सरळ केली आहे. समोरच्याचे वायफाय कसे आहे, मधल्या वाटेत काय झाले, हे आपल्या हातात नाही. म्हणून फोनवर सौदा ठरला की लगेच भाव, माल, वजन आणि तारीख यांचा चार ओळींचा संदेश पाठवावा आणि त्यावर ‘कबूल’ असे उत्तर घ्यावे. आकडा बोलताना ‘एकोणतीसशे, दोन नऊ शून्य शून्य’ असा सुटा करूनही सांगावा. मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, अशी ताकीद कुरआनातील सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. ज्या काळी दोन माणसे समोरासमोर बसून बोलत, त्या काळातही लिहून ठेवण्याला एवढे महत्त्व दिले गेले. मग आज सेकंदाचे पन्नास तुकडे होऊन जाणाऱ्या बोलण्यावर आंधळा भरवसा कसा ठेवता येईल?

येत्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद करण्यापूर्वी अर्धा तास काढून तिन्ही चाचण्या घ्याव्यात. बंद दुकानात दुसरी चाचणी खरी उतरते. पहिली चुकली तर वायफाय पाहा, दुसरी चुकली तर कंपनीला लिहा, तिसरी चुकली तर राउटरला शिस्त लावा. तिन्ही बरोबर आल्या तर मोठा प्लॅन घेण्याचा खर्च वाचला, असे समजावे.